लघवीचं इन्फेक्शन: पुढे काय काय होऊ शकतं आणि दवाखाना कधी गाठायचा?

कावेरी_सुदामानगर

नमस्कार मंडळी. सासूबाईंसाठी विचारते आहे. वय ७१, मधुमेह बरीच वर्षं, गोळ्या चालू. दिवाळीपासून तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालंय आणि दर वेळी तीच गत. जळजळ, घडीघडी बाथरूम, ओटीपोटात कळ. कोपऱ्यावरचे डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, महिना-दीड महिना जातो की पुन्हा सुरू. लघवीची साधी तपासणी एकदा झाली, त्यात 'पस सेल्स' (पुवाच्या पेशी) भरपूर आले. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायची तपासणी) कुणी सांगितलेलं नाही.

त्यांचं म्हणणं, "बायकांना होतंच गं हे, उन्हाळे लागलेत, धण्याचं पाणी पिते." नवरा म्हणतो, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. त्या नाही म्हणतात, कारण तिथे 'पुरुष डॉक्टर तपासतील'.

मला दोन गोष्टी कळायला हव्या आहेत. हे मूत्राशयापुरतंच राहतं की किडनीपर्यंत जातं? आणि घरातल्या माणसानं नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

रामबागकर

आधी कल्चर, मग पुढची गोळी. मधुमेह आणि तिसरी खेप असताना नुसत्या 'पस सेल्स'वर भागवू नका.

आजोळ

कावेरी, सासूबाईंचं अगदीच काही चूक नाही गं. आमच्याकडे चैत्र लागला की माठाशेजारी धणे-जिऱ्याचं पाणी असायचंच. रात्री मूठभर धणे आणि चमचाभर जिरं भिजत घालायचं, सकाळी गाळून घ्यायचं. माठात वाळ्याची जुडी. जवाचं पाणी तर मी अजून करते. जव मऊ होईपर्यंत उकळायचे, पाणी गाळायचं, लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ. जळजळ खरंच कमी होते. गोखरूचा काढाही घेतात लोक, पण तो वैद्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला देत नाही.

डॉ_मालवा

मी फिजिशियन आहे. धाग्यावरून औषध सांगणार नाही, पण कावेरीताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पाचातल्या चार वेळा तरी हा जंतू ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यात राहणारा. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची २०च्या आसपास, म्हणून बायकांना हा त्रास जास्त. जंतू मूत्राशयात आहेत तोवर जळजळ असते, वारंवार लागते, कधी रक्तही दिसतं, पण ताप बहुधा नसतो. ते मूत्रवाहिनीतून, म्हणजे किडनीपासून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीतून, वर चढून किडनीत पोचले की चित्र पालटतं. हुडहुडी भरून ताप येतो, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखतं, उलट्या होतात. तिथून जंतू रक्तात उतरले की सेप्सिस: बीपी उतरतं, श्वास जोरात चालतो, लघवी कमी होते, माणूस भलतंच बोलू लागतो. यात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

मधुमेहात धोका वाढतो. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशींची लढायची ताकद कमी होते. शिवाय मूत्राशयाच्या नसा मंदावतात, ते पूर्ण रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. किडनीभोवती गळू होणं, किडनीच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तुकडे पडणं, क्वचित किडनीत वायू तयार करणारं इन्फेक्शन, हे प्रकार मधुमेहींमध्येच जास्त दिसतात. त्या शेवटच्या प्रकारातले दहातले नऊ रुग्ण मधुमेहीच असतात. तो सीटी स्कॅनवर नीट कळतो.

एक विचारायचं होतं. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का? या गोळ्यांनी लघवीवाटे साखर जाते आणि योनीमार्गात बुरशी वाढू शकते. तिची जळजळ लघवीच्या इन्फेक्शनसारखीच वाटते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना नाव सांगा.

आजोळताई, जवाचं पाणी चालू राहू द्या. पाणी पोटात जातंय हे चांगलंच आहे. मात्र ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांना शहाळ्याचं पाणी आणि पोटॅशियम असलेली जळजळीची सिरपं भरमसाट देऊ नका.

लॅबवाली

कल्चरबद्दल सगळे बोलतात, नमुना कसा द्यायचा ते कुणी सांगत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी नमुना. डबी लॅबमधूनच घ्या, घरातली धुतलेली बाटली चालत नाही. झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला बोट लावू नका आणि झाकण ओट्यावर उपडं ठेवू नका. बायकांनी जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत. आजींना उकिडवं बसणं जमत नसेल तर कमोडवर बसवून सुनेनं डबी धरली तरी चालतं, लाज कसली त्यात. सकाळची पहिली लघवी उत्तम. नमुना यावा म्हणून आधी दोन तांबे पाणी पाजू नका, लघवी पातळ होते. दोन तासांत लॅबला पोचवा. नाहीच जमलं तर फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही) आणि २४ तासांच्या आत आणा.

आमच्याकडे काय होतं तेही सांगते. तारेच्या छोट्या कडीत एक मायक्रोलिटर लघवी मावते, ती जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरतो. दुसऱ्या दिवशी तेवढ्यात शंभराहून जास्त वसाहती उगवल्या तर मिलिलिटरला एक लाखावर जंतू झाले. मॅकॉन्की नावाच्या प्लेटवर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी, कोरड्या, टिकलीएवढ्या दिसतात. मग त्याच जंतूच्या थरावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. जी चकती आपल्याभोवती स्वच्छ वर्तुळ पाडते ते औषध लागू. काही चकत्यांना अगदी खेटून जंतू वाढलेला असतो, आणि नेमकं तेच औषध पेशंट चार दिवस घेत असतो. असे रिपोर्ट हातात आले की फार वाईट वाटतं.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. 'मिक्स्ड ग्रोथ' (बरेच वेगवेगळे जंतू एकत्र) आलं तर बहुधा नमुना बिघडला, पुन्हा द्या.

पोहेजलेबी

लॅबवाली ताई, हे छापून प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावा. आमच्या घरी बाबांनी डबी फ्रीजमध्ये ठेवली आणि आईनं ती लिंबाचं सरबत समजून बाहेर काढली होती. वाचलो सगळे!

आजोळ

अरे देवा. डबीवर नाव लिहायचं हेही वरच्या यादीत घाला!

दादर_ते_राजवाडा

थोडं वेगळं मत मांडतो. उठसूट अँटिबायोटिक देऊनच आपण जंतू माजवले. माझ्या बायकोला दोनदा झालं, दोन्ही वेळा भरपूर पाणी आणि आराम यावर गेलं. शरीराला संधी द्या की.

डॉ_मालवा

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते तपासलंही गेलंय. जर्मनीत २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनच्या काही बायकांना अँटिबायोटिक दिलं, बाकीच्यांना नुसतं आयबुप्रोफेन हे वेदनाशामक. आयबुप्रोफेनवाल्यांपैकी दोन-तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. पण त्यांचा त्रास जास्त रेंगाळला आणि त्यांच्यात किडनीच्या इन्फेक्शनच्या केसेस थोड्या जास्त निघाल्या.

आणि तो अभ्यास तरुण-मध्यमवयीन, एरवी धडधाकट बायकांवरचा होता. गरोदर बाई, मधुमेही, पुरुष, लहान मूल, नळी घातलेला माणूस, मुतखडा असलेला माणूस, एकच किडनी असलेला माणूस यांच्या बाबतीत 'वाट बघू' हे धोरण चालत नाही. कावेरीताईंच्या सासूबाई त्या गटात येतात. आणि मधुमेहीला आयबुप्रोफेनही आपल्या मनानं देऊ नका, किडनीवर ताण येतो.

निवृत्त_दवाबाजार

मी दवाबाजारात बरीच वर्षं काढली, आता मुलगा बघतो. काउंटरवर रोज ऐकलेलं वाक्य सांगतो: "भैया, वो पेशाब की जलन वाली गोली दे दो, पिछली बार वाली." मागच्या वेळची सिप्रो, नाहीतर सेफिक्झिम, दोन्ही अँटिबायोटिक. सिप्रोला आपल्याकडचे कितीतरी ई. कोलाय आता जुमानत नाहीत. सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, दिलं तर डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कायदा चांगला आहे. पाळणारेही आहेत आणि न पाळणारेही. गिऱ्हाइकानं मागितलंच नाही तर अर्धं काम होईल.

दुसरं म्हणजे ती लघवी केशरी करणारी गोळी. जळजळ थांबते, माणूस खूश, आणि जंतू जागच्या जागी. ती गोळी जंतू मारत नाही. सिरपचंही तेच. दुखणं दबलं म्हणजे आजार गेला असं धरून चालू नका. बऱ्याच लोकांचा कोर्स तिथेच अर्धवट सुटतो.

नर्मदेहर

गरोदरपणाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीला पाचव्या महिन्यात काहीही त्रास नव्हता. ना जळजळ, ना ताप. नियमित तपासणीत डॉक्टरांनी कल्चर सांगितलं, तर जंतू निघाले. घरचे म्हणाले, त्रास नाही तर औषध कशाला? डॉक्टरांनी ठाम राहून कोर्स दिला. गरोदरपणात असं का करतात हे कुणी सांगेल का?

डॉ_मालवा

त्यांचं बरोबर होतं. एरवी लघवीत जंतू सापडले पण त्रास नसला तर औषध देत नाहीत. गरोदरपण हा ठळक अपवाद. त्या काळात हार्मोनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढतं गर्भाशय त्या दाबतं, उजवी जास्त. लघवी वर साचून राहते. उपचार न केल्यास अशा शंभर जणींपैकी २० ते ३५ जणींना पुढे किडनीचं इन्फेक्शन होऊ शकतं आणि त्यातून वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचं बाळ. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच एकदा कल्चर करून घेतात.

मेघना_मनोरमागंज

लहान मुलांचं मी सांगते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना सारखा ताप यायचा. सर्दी नाही, खोकला नाही. प्रत्येक वेळी 'व्हायरल' म्हणून परत पाठवायचे. एका ताईंनी, त्या मुलांच्या डॉक्टर, लघवी तपासली आणि उलगडा झाला. पुढे सोनोग्राफी, मग नळी घालून एक्स-रे काढतात तो एमसीयू. त्यात दिसलं की मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते. याला रिफ्लक्स म्हणतात. अशा मुलांना वारंवार तापाचं इन्फेक्शन झालं तर किडनीवर व्रण राहतात आणि मोठेपणी रक्तदाब वाढू शकतो, असं त्यांनी आकृती काढून समजावलं. आता तो मोठा आहे, रिफ्लक्स आपोआप गेला, किडन्या छान आहेत.

आयांना विनंती: विनाकारण ताप आलेल्या तान्ह्या बाळाची लघवी तपासून घ्याच. आणि मुलींच्या शाळेत बाथरूम घाण असतं म्हणून त्या दिवसभर धरून ठेवतात, पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठही होतं, आणि फुगलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. पालकसभेत हा विषय काढा.

मालवा_एक्सप्रेस

मेघनाताई, शाळा कशाला, मोठ्या बायकांचं तरी काय वेगळं आहे? रात्रीच्या बसनं सरवटे स्टँडवरून पुण्याला निघालं की मी आणि माझी नणंद दुपारपासून पाणी बंद करतो. बस सेंधव्याच्या पुढे, बिजासन घाटाच्या आसपास ढाब्यावर थांबते. तिथलं बाथरूम बघितलं की परत सीटवर येऊन बसावंसं वाटतं. स्वच्छतेत २०१७ साली इंदूरचा पहिला नंबर आला तेव्हापासून शहरात खूप फरक पडलाय, मी स्वतः बघते. पण शहराची हद्द संपली की बाईमाणसाचे हाल तेच.

रामबागकर

+१. आणि लग्नाचे हॉल? पाचशे पानं उठतात, बायकांसाठी दोन बाथरूम, त्यातल्या एकाला कडी नाही. पैठणी सावरून रांगेत उभ्या असलेल्या आत्या-मावश्या बघा एकदा.

पोहेजलेबी

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्याला गेलो की आमच्या घरातल्या बायका सकाळपासून उपाशी आणि तहानलेल्या. मी त्याला 'निर्जळी गेर' म्हणतो. यंदा ओळखीच्या दुकानदाराच्या घरचं बाथरूम आधीच ठरवून ठेवलंय, तेव्हा पाणी पीत चला!

शिरीषा

अवांतर थांबवून मूळ विषयाकडे येते. वर डॉक्टरांनी 'भलतंच बोलू लागतो' असं लिहिलंय, ते कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. माझी आई ७८ वर्षांची. एका सकाळी ती मला विचारू लागली, "तुझे बाबा ऑफिसातून आले का?" बाबांना जाऊन काही वर्षं झालीत. दुपारी ती कपाटातल्या साड्या काढून गाठोडं बांधत बसली, माहेरी जायचंय म्हणे. ताप नव्हता, जळजळीची तक्रार नव्हती. नातेवाईक म्हणाले विसरभोळेपणा सुरू झाला, मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. आमच्या डॉक्टरांनी तिचं बीपी आणि नाडी बघितली, पोट दाबलं, तर मूत्राशय तट्ट फुगलेलं. रक्त-लघवी तपासली, इन्फेक्शन रक्तात उतरायच्या बेतात होतं. आठवडाभरात आई पूर्ववत. 'विसरभोळेपणा' असा एका दिवसात सुरू होत नाही.

डॉ_मालवा

शिरीषाताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. अचानक झालेला गोंधळ हे शारीरिक आजाराचं लक्षण धरायचं. त्याला फक्त एक जोड देतो. म्हातारपणी लघवीत जंतू तसेही बऱ्याच जणांना असतात, त्रास न देता. त्यामुळे गोंधळ झाला आणि लघवीत जंतू निघाले की सगळं खापर लघवीवर फोडून थांबायचं नाही. साखर, सोडियम, पाण्याची कमतरता, न्यूमोनिया, नवीन सुरू केलेली गोळी, डोक्याला मार, सगळं बघावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, हे फार चांगलं केलं.

लोकमान्यनगरचे_काका

पुरुषांबद्दल कुणीच लिहीत नाहीये. वय ६९. प्रोस्टेट वाढलेलं, धार बारीक, रात्री उठावं लागायचं. आमच्या मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर सगळ्यांचंच तसं, म्हणून कुणी बोलत नाही. मला थंडी वाजून ताप आला, बसताना खाली दुखायला लागलं आणि संध्याकाळी लघवीच बंद. नळी घालावी लागली. प्रोस्टेटचं इन्फेक्शन निघालं. औषध काही आठवडे चाललं, कारण प्रोस्टेटमध्ये औषध नीट मुरायला वेळ लागतो, असं यूरॉलॉजिस्ट म्हणाले. पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन झालं की आत काही अडथळा आहे का हे बघायचंच, असंही म्हणाले. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते ते मोजतात. माझी खूप राहत होती. मित्रहो, कट्ट्यावर राजकारण बोलतो तसं हेही बोलू या.

कावेरी_सुदामानगर

आत्ताच हे लिहिते आहे, कुणी जागं असेल तर सांगा. सासूबाईंना संध्याकाळपासून हुडहुडी भरते आहे. ताप १०२. उजव्या पाठीत दुखतंय म्हणतात. दोनदा उलटी. मघाशी मला नणंदेच्या नावानं हाक मारली आणि चहाचा कप रिकामाच तोंडाला लावला. जवळचा दवाखाना बंद झालाय. त्या म्हणतात सकाळी जाऊ.

रामबागकर

आत्ता निघा. सकाळ नको.

डॉ_मालवा

कावेरीताई, लगेच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. जिथे सोनोग्राफी आणि यूरॉलॉजिस्ट रात्री मिळतील असं ठिकाण निवडा. एमवाय या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी २४ तास असते, जवळचं मोठं खासगी असेल तरी चालेल. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा, खूप कमी असेल तर तसं लगेच सांगा. गोळ्यांची सगळी पाकिटं आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाका. घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. स्त्री डॉक्टर मिळतील का, हे तिथे गेल्यावर विचारा, त्यासाठी थांबू नका.

शिरीषा

त्यांना "फक्त सलाईन लावून येऊ" म्हणा. आईला मी असंच नेलं होतं.

आजोळ

पोचलीस की एक ओळ टाक गं. जागी आहे मी.

कावेरी_सुदामानगर

पोचलो. साखर ३४०. सलाईन आणि इंजेक्शन सुरू केलंय. सोनोग्राफीला नेतायत.

लॅबवाली

पहिल्या इंजेक्शनआधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतलं का, एवढं विचारून ठेवा.

कावेरी_सुदामानगर

हो, घेतलं म्हणाल्या सिस्टर.

कावेरी_सुदामानगर

उशिरा लिहिते आहे, पण सगळ्यांना कळवायचं होतं. सासूबाई आता वॉर्डात आहेत, ओळखतात, काल स्वतःच्या हातानं वरणभात खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

झालं होतं असं: उजव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलेला. त्याच्यामागे लघवी तुंबून किडनी फुगली होती आणि त्या तुंबलेल्या लघवीतच इन्फेक्शन. डॉक्टर म्हणाले, असा बंद कप्पा असला की नुसत्या इंजेक्शननं भागत नाही, वाट मोकळी करावीच लागते. त्याच रात्री आतून डीजे स्टेंट (किडनीतून मूत्राशयापर्यंत लघवीला वाट देणारी बारीक नळी) घातला. बाहेर आलेली लघवी अक्षरशः ताकासारखी होती, असं ते म्हणाले. कल्चरमध्ये ई. कोलाय आला, ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा. आधीच्या तिन्ही वेळच्या गोळ्या रिपोर्टमधल्या औषधांच्या यादीत 'रेझिस्टंट', म्हणजे लागू न पडणाऱ्या. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक इंजेक्शन चालू आहे.

स्त्री डॉक्टर होत्या. त्यांनी सासूबाईंचा हात धरून सगळं समजावलं.

आजोळ

देव पावला गं बाई. मीठ कमी म्हणाल्या म्हणजे बऱ्याच झाल्या.

निवृत्त_दवाबाजार

तिन्ही गोळ्या रेझिस्टंट. पहिल्या खेपेलाच कल्चर झालं असतं तर... असो. ताई, तुम्ही वेळेवर हललात.

दादर_ते_राजवाडा

कावेरीताई, फार बरं वाटलं वाचून. माझ्या आईलाही मधुमेह आहे. तिची लघवी आणि सोनोग्राफी या आठवड्यात करून घेतो.

डॉ_मालवा

खूप समाधान वाटलं. आता पुढचं. डीजे स्टेंट कायमचा नसतो. काढायची तारीख डिस्चार्जच्या कागदावर असेल, ती घरातल्या दोन माणसांना पाठ हवी. बरं वाटतंय म्हणून लोक विसरतात, आणि विसरलेल्या स्टेंटवर क्षार साचून तो दगडासारखा होतो, मग मोठी शस्त्रक्रिया. खडा निघाला की त्याचं विश्लेषण करून घ्या. प्रोटियससारखे काही जंतू लघवीतला युरिया फोडून ती अल्कधर्मी करतात, त्यातून स्ट्रुव्हाइटचे खडे बनतात, आणि खड्याच्या आत जंतू लपून राहतात. तो प्रकार असेल तर खडा पूर्ण काढल्याशिवाय इन्फेक्शन सुटत नाही.

घरी आल्यावर त्रास नसेल तर दर महिन्याला कल्चर करत बसू नका. स्टेंट काढण्याआधी किंवा खड्याच्या शस्त्रक्रियेआधी यूरॉलॉजिस्ट सांगतील तेवढं करा. लघवीत रक्त दिसत राहिलं तर मात्र 'इन्फेक्शनचंच असेल' म्हणून सोडून देऊ नका, त्याची वेगळी तपासणी लागते. पस सेल्स येतात पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं वारंवार झालं तर आपल्याकडे टीबीचाही विचार करतात.

वारंवार होऊ नये म्हणून दोन गोष्टी स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. पाळी गेल्यावर योनीमार्गातलं इस्ट्रोजेन कमी होतं, तिथले चांगले जंतू घटतात. तिथे लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा फायदा १९९३ च्या अभ्यासापासून माहीत आहे, पण आपल्याकडे संकोचापोटी फार कमी बायकांपर्यंत ते पोचतं. दुसरं पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या तरुण बायका होत्या, त्यामुळे सासूबाईंनी किती प्यायचं ते हृदय आणि किडनी बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील.

मालवा_एक्सप्रेस

हे १.७ आणि ३.२ मी नणंदेला पाठवलं. पुढच्या पुणे फेरीला रेल्वेनंच जायचं ठरवलंय आम्ही, डब्यात निदान बाथरूम तरी असतं.

तिलकनगर_४५२

नवीन सभासद आहे, पूर्ण धागा वाचला. वडिलांना पक्षाघातानंतर कायमची लघवीची नळी आहे, घरीच असतात. दर वेळी लघवी तपासली की जंतू येतात आणि दर वेळी अँटिबायोटिक. काय करावं? पिशवीत गाळ दिसतो, वासही येतो.

डॉ_मालवा

नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ताप, थंडी, पोटात दुखणं, अचानक सुस्ती किंवा गोंधळ यातलं काही नसेल तर नुसत्या वासावरून किंवा गाळावरून अँटिबायोटिक देत नाहीत. दिलं तर पुढच्या खेपेला चिवट जंतूच उरतात. लक्षणं असतील तर आधी जुनी नळी बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा, पिशवीतून नाही. जुन्या नळीच्या आतल्या थरात वेगळेच जंतू असतात.

लॅबवाली

पिशवीतून आणलेले नमुने आम्ही परत पाठवतो, तेव्हा तो त्रास वाचवा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. कूस बदलताना ती पलंगावर ठेवतात लोक, आणि लघवी उलटी आत जाते.

तिलकनगर_४५२

आमच्याकडे पलंगावरच ठेवतात! पिशवीला आत्ता हुक लावतो. नळी बदलायला उद्या ब्रदरना बोलावलंय.